सफारीला जाताय? मग आधी एवढं करून घ्या

सफारी बुक केली की पहिला प्रश्न असतो काय काय दिसेल. माझ्या मते तयारी दुसऱ्या टोकाकडून करायला पाहिजे, आपण गेल्यामुळे तिथल्या प्राण्यांना काय काय सोसावं लागतं ते आधी समजून घ्यायचं, मग सामानात काय घ्यायचं आणि काय घरी ठेवायचं ते आपोआप कळतं.

आपली गडबड अशी होते की प्राणी शांत बसलेला दिसला की आपण धरून चालतो, याला आपली सवय झालीय, चला अजून थोडं जवळ जाऊ. अमेरिकेत मिनेसोटामध्ये काळ्या अस्वलांच्या शरीरात हृदयाचे ठोके मोजणारं यंत्र बसवून वरून ड्रोन उडवून बघितले, २०१५ ला तो अभ्यास छापून आला. अस्वलं बहुतेक वेळा जागची हललीसुद्धा नाहीत, पण एकीचे ठोके मिनिटाला १२३ ने वाढले होते. बाहेरून काहीच कळलं नसतं! त्यामुळे ड्रोन घरीच, आणि पक्ष्यांचे आवाज मोबाईलवर वाजवून त्यांना बोलवायचा प्रकारही नको, त्यांना वाटतं आपल्या हद्दीत कोणीतरी घुसलंय.

केनियातल्या मसाई मारामधल्या चित्त्यांचं तर वाचून पोटात गोळा येतो. २०१८ च्या अभ्यासात दिसलं की पर्यटक कमी असलेल्या भागात मादी एका वेतातली सरासरी २ च्या वर पिल्लं मोठी करत होती, आणि गाड्यांची गर्दी असलेल्या भागात हाच आकडा जेमतेम ०.२. चित्ता शिकार मुख्यतः दिवसाच करतो, म्हणजे नेमका आपण फिरतो त्याच वेळेला.

म्हणून सगळ्यात महत्त्वाची तयारी म्हणजे ड्रायव्हर आणि गाईडशी गाडी सुटायच्या आधी बोलणं. बरेच ड्रायव्हर टिपसाठी आणि पर्यटक नाराज होऊ नये म्हणून गाडी जवळ घालतात, तुम्हीच स्पष्ट सांगितलंत की दादा आम्हाला लांबून चालेल, आधीच गर्दी असेल तर आपण थांबायला नको, काही नाही दिसलं तरी आमची तक्रार नाही, तर त्यांच्यावरचंही प्रेशर जातं. हे आत गेल्यावर सांगून उपयोग नाही, वाघ किंवा सिंह समोर आला की कोणी कोणाचं ऐकत नाही.

लांबून बघायचं तर दुर्बीण हवीच. ८x४२ ची घ्या, म्हणजे ८ पट मोठं दिसतं आणि ४२ मिमीच्या भिंगामुळे पहाटेच्या कमी उजेडातही बरं दिसतं. निघायच्या आधी घरी प्रॅक्टिस करा, नजर वस्तूवरून न हलवता दुर्बीण डोळ्यांपाशी आणायची, हे जमलं नाही तर नुसती झाडंच दिसत राहतात. कपडे मातकट रंगाचे, परफ्यूम नको, बुटांचे तळवे ब्रशने घासून धुवा कारण मातीबरोबर बाहेरच्या झाडांचं बी आत जातं. फोन सायलेंट, फ्लॅश बंद. सर्दी-खोकला असेल आणि गोरिला किंवा चिंपांझी बघायला जाणार असाल तर सरळ रद्द करा, आपले श्वसनाचे आजार त्यांना होतात आणि त्यात ते दगावतातसुद्धा.

पायी फिरायची परवानगी असेल तिथे अंतराचे नियम आधी वाचून जा. अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात अस्वल, लांडगे आणि कूगर (तिथला डोंगरी सिंह) यांच्यापासून १०० यार्ड म्हणजे साधारण ९१ मीटर, बाकीच्या मोठ्या प्राण्यांपासून २५ यार्ड. मोजायचं कसं, तर हात सरळ पुढे करून अंगठा उभा धरा, एक डोळा मिटा, प्राणी अंगठ्याआड पूर्ण झाकला गेला नाही तर तुम्ही फार जवळ आहात, मागे सरका.

मुलांना घरीच समजावून ठेवा की खायला द्यायचं नाही, हात लावायचा नाही, पिल्लू एकटं दिसलं तरी उचलायचं नाही. २०१६ मध्ये यलोस्टोनमध्येच पर्यटकांनी थंडी वाजत असेल म्हणून बायसनचं पिल्लू गाडीत घातलं होतं, नंतर कळपाने ते परत घेतलंच नाही, ते माणसांच्या आणि गाड्यांच्याच मागे यायला लागलं आणि शेवटी त्याला मारावं लागलं. हेतू चांगलाच होता हो, पण जीव गेला.

आणि बुकिंगच्या आधी एक बघा, ज्या पार्कमध्ये वाघाचं पिल्लू मांडीवर घेऊन फोटो काढू देतात तिथे जाऊच नका, त्यासाठी ती पिल्लं फार लवकर आईपासून तोडलेली असतात.

परत आल्यावर फोटो टाकताना लोकेशन काढून टाका, गेंड्यासारख्या प्राण्यांच्या बाबतीत शिकारी तेच शोधत असतात. आणि एखादी गाडी प्राण्याचा पाठलाग करताना दिसली असेल तर नंबर आणि वेळ लिहून घेऊन गेटवरच्या ऑफिसात लगेच कळवा, घरी पोचेपर्यंत थांबू नका.