घातक कचरा मुळातच कमी करण्यासाठी उद्योजकांना कसे वळवावे

लहान उद्योजकाशी प्रदूषणाबद्दल बोलायचे असेल, तर सुरुवात सांडपाण्याच्या नाल्यापासून न करता खरेदीच्या नोंदवहीपासून करावी. वर्षभरात थिनर, आम्ल आणि रंग किती विकत घेतला आणि त्यातला किती प्रत्यक्ष मालावर लागला, हे आकडे शेजारी मांडले, की उरलेला भाग वाफ, गाळ किंवा कचरा होऊन गेला हे मालकाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. त्याचे पैसे त्याने दोनदा मोजलेले असतात, एकदा विकत घेताना आणि पुन्हा विल्हेवाट लावताना. थ्री-एम कंपनीने १९७५ साली सुरू केलेल्या कार्यक्रमाच्या नावातच प्रदूषण रोखणे फायद्याचे ठरते असे म्हटले होते.

त्यानंतर कारखान्यात फेरी मारावी, तीही कामगारांना सोबत घेऊन, कारण कोणते पिंप कुठे गळते हे त्यांनाच नेमके ठाऊक असते. बिनखर्चाचे उपाय आधी सुचवावेत. इलेक्ट्रोप्लेटिंगमध्ये, म्हणजे विजेच्या साहाय्याने धातूचा मुलामा देताना, माल द्रावणाच्या टाकीतून सावकाश वर काढून थोडा वेळ टाकीवरच निथळू दिला, तर त्याला चिकटून धुण्याच्या पाण्यात जाणारे द्रावण कमी होते आणि पुढे सांडपाण्याच्या प्रक्रियेत साचणारा धातुयुक्त गाळही घटतो. याच्या पुढची पायरी म्हणजे धुण्याच्या दोन-तीन टाक्या ओळीने जोडून ताजे पाणी शेवटच्या टाकीत सोडणे आणि ते मालाच्या उलट दिशेने पहिल्या टाकीकडे वाहू देणे. रंगकामात फिक्याकडून गडद रंगाकडे असा क्रम लावला, तरी थिनर वाचतो.

घातक कचरा साध्या कचऱ्यात मिसळू देऊ नये, हे मात्र निक्षून सांगावे. नाहीतर बहुधा सगळा ढीगच घातक धरावा लागतो. वापरलेले थिनर ऊर्ध्वपातनाने, म्हणजे तापवून त्याची वाफ पुन्हा थंड करून, परत मिळवता येते, पण तळाशी उरणारा गाळ घातकच असतो, म्हणून मूळ वापर घटवण्याचा आग्रह आधी धरावा. पर्यायी रसायन सुचवतानाही घाई नको. तेलकटपणा विरघळवणाऱ्या थिनरसारख्या सॉल्व्हंटऐवजी पाण्यात मिसळणारे क्लीनर आणले, तर वाफ थांबते, पण तेलकट सांडपाण्याचा नवा प्रश्न उभा राहतो. तेव्हा आधी एकाच यंत्रावर चाचणी घ्यावी.

कचऱ्याचे मोजमाप उत्पादनाच्या प्रमाणात ठेवावे. मागणी मंदावली की कचरा आपोआपच घटतो, आणि त्याचे श्रेय न केलेल्या सुधारणांच्या नावावर जमा होते.