वारंवारता काढताय? या चुका टाळा

वारंवारता म्हणजे सेकंदाला किती तरंग होतात ते (हर्ट्झमध्ये); तरंगलांबी म्हणजे लगतच्या दोन माथ्यांमधलं अंतर. वारंवारता म्हणजे वेग भागिले तरंगलांबी, हे सूत्र बहुतेकांना पाठ असतं. तरीही मार्क जातात, कारण त्या सूत्रातलं काय कोणामुळे ठरतं हे डोक्यात पक्कं नसतं.

सगळ्यात चिवट चूक म्हणजे माध्यम बदललं की वारंवारताही बदलते असं धरून चालणं. समजा, ५०० हर्ट्झचा ध्वनी हवेतून पाण्यात शिरला. २० अंश सेल्सिअसला हवेत त्याचा वेग सुमारे ३४३ मीटर प्रतिसेकंद, पाण्यात साधारण १४८०. मग विद्यार्थी १४८० ला हवेतल्याच ०.६८६ मीटर तरंगलांबीने भागतात आणि २१५७ हर्ट्झ लिहून मोकळे होतात. पण ध्वनी निर्माण करणारी वस्तू सेकंदाला ५०० वेळाच कंप पावते आहे. पाण्याच्या पृष्ठभागावर सेकंदाला ५०० तरंग येतात, तर आत २१५७ जातील कुठून? बदलते ती तरंगलांबी: १४८० ÷ ५०० = २.९६ मीटर. वारंवारता स्रोत ठरवतो, वेग माध्यम ठरवतं. तरंगलांबीला या दोघांशी जुळवून घ्यावं लागतं.

दुसरा घोळ रेडिओचा. पुणे आकाशवाणी ७९२ किलोहर्ट्झवर लागते. तिची तरंगलांबी काढताना ‘रेडिओ म्हणजे आवाज’ असं समजून ३४३ घेऊ नका. सेटपर्यंत येतात ते विद्युतचुंबकीय तरंग, त्यांचा वेग प्रकाशाचा: सेकंदाला सुमारे ३० कोटी मीटर. ३० कोटी ÷ ७,९२,००० = जवळपास ३७९ मीटर. उत्तर ३७९ किलोमीटर आलं तर ‘किलो’ विसरलात; ०.३७९ मीटर आलं तर किलोचं मेगा केलंत.

आलेख दिसला की आधी आडवा अक्ष वाचा. त्यावर वेळ असेल तर लगतच्या दोन माथ्यांमधलं अंतर म्हणजे आवर्तकाल (एका तरंगाला लागणारा वेळ), अंतर असेल तर तरंगलांबी. १ भागिले आवर्तकाल म्हणजे वारंवारता. आवर्तकाल मिलिसेकंदात असेल तर आधी सेकंद करा. आपल्या घरातल्या विजेचा आवर्तकाल २० मिलिसेकंद, म्हणजे ०.०२ सेकंद; वारंवारता ५० हर्ट्झ, ०.०५ नव्हे.

हस्ताक्षराकडेही लक्ष द्या. वेगाचा व्ही आणि वारंवारतेचा ग्रीक न्यू घाईत सारखेच दिसतात.

आणि लाटा मोजताना माथे मोजून थांबू नका. पहिल्या माथ्याला घड्याळ सुरू केलं, पाचव्याला ८ सेकंदांनी बंद केलं, तर तरंग झाले चार. वारंवारता ४ ÷ ८, म्हणजे ०.५ हर्ट्झ.