जनसंपर्क संशोधनात नेटवर्क वापरताना जनसमूहांबाबत या चुका टाळा

जनसंपर्काच्या अभ्यासात नेटवर्क-पद्धत (माणसे-संस्था म्हणजे बिंदू आणि त्यांच्यातील संबंध म्हणजे दुवे असा नकाशा काढण्याची पद्धत) आली ती संस्था आणि एकेक जनसमूह अशा सुट्या जोड्यांच्या पलीकडे पाहता यावे म्हणून. संस्थेवर येणारा दबाव समजून घ्यायचा असेल तर तिचे हितसंबंधी आपसांत किती घट्ट जोडलेले आहेत आणि त्या जाळ्यात संस्था स्वतः कुठे उभी आहे, हे दोन्ही पाहावे लागते, असे व्यवस्थापनाचे अभ्यासक टिमथी राउली यांनी १९९७ मध्येच मांडले होते. तरीही प्रबंध तपासताना माझ्यासमोर येणाऱ्या बहुतेक नकाशांत संस्था मध्यभागी असते, तिच्याभोवती ठिपक्यांचे कोंडाळे असते आणि त्या ठिपक्यांचे एकमेकांशी जवळजवळ काहीच नाते नसते.

याचे कारण माहिती गोळा करण्याच्या पहिल्याच पायरीत दडलेले असते. मुंबईतल्या आरे परिसरात झाडे तोडून मेट्रोची कारशेड बांधण्याच्या वादावर काम करणाऱ्या एका विद्यार्थ्याने मेट्रो महामंडळाच्या अधिकृत खात्याचा उल्लेख असलेली ट्वीट तेवढी उतरवून घेतली, त्यांचा नकाशा काढला आणि ‘महामंडळ हे या चर्चेचे केंद्र होते’ असा निष्कर्ष मोठ्या आत्मविश्वासाने लिहिला. ज्या खात्याच्या नावाने चाळणी लावली, ते खाते चाळणीतून मध्यभागी येणारच होते; त्यासाठी संशोधनाची गरज नव्हती. मी त्याला तो एक बिंदू काढून नकाशा पुन्हा पाहायला सांगितला, तेव्हा सगळे चित्र सुट्या ठिपक्यांत विखुरले. आंदोलक, याचिकाकर्ते, विद्यार्थी संघटना आणि कारशेड आरेतच व्हावी असे म्हणणारे प्रवासी हे सगळे एकमेकांशी तावातावाने बोलत होते, पण त्या बोलण्यात महामंडळाचा उल्लेख नसल्यामुळे ते माहितीत शिरलेच नव्हते. सबमिशन आठवड्यावर आले असताना हे कळणे महागात पडते, आणि ‘आता तेवढे चालवून घ्या’ ही विनंती मी मान्य करत नाही.

माझी सवय अशी की संगणकाला हात लावण्यापूर्वी कागदावर प्रश्न लिहायचा आणि त्या प्रश्नाचे परिणाम कोणाकोणाला भोगावे लागतात याची यादी करायची. संस्थेचे नाव त्या यादीत इतरांसारखेच एक. अमेरिकी तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांनी १९२७ मध्ये जनसमूहाची जी कल्पना मांडली ती हीच आहे: इतरांच्या व्यवहारांचे अप्रत्यक्ष परिणाम ज्यांच्यापर्यंत पोहोचतात आणि त्यांवर नियंत्रण असावे असे ज्यांना वाटू लागते, ते लोक. संस्थेने ‘लक्ष्यगट’ म्हणून आखलेली यादी आणि ही यादी क्वचितच जुळते.

दुसरी चूक संस्थेला मध्यभागी ठेवण्याच्या या पहिल्या चुकीच्याच पोटातून येते आणि मला ती अधिक खटकते. ज्यांचा दुवा सापडत नाही ते जनसमूह अस्तित्वातच नाहीत असे मानले जाते. आरेच्या पाड्यांवरील आदिवासी कुटुंबांचा या वादाशी संबंध कोणत्याही हॅशटॅगवाल्यापेक्षा जवळचा होता, पण केवळ ट्वीटवर काढलेल्या नकाशात ती कुटुंबे एक तर दिसत नाहीत, किंवा त्यांच्या वतीने बोलणाऱ्या शहरी कार्यकर्त्यांच्या बिंदूत विरघळून जातात. लोक एखाद्या प्रश्नावर कधी बोलते होतात हे सांगणाऱ्या, जनसंपर्काचे अभ्यासक जेम्स ग्रुनिग यांच्या परिस्थितीजन्य सिद्धांतानुसार माणूस गप्प राहतो तो प्रश्न कळला नाही म्हणूनच असे नाही. वाटेत अडथळे आहेत याची जाणीवही त्याला गप्प बसवते. गेफी या नकाशे काढण्याच्या संगणकप्रणालीत सर्वांत मोठा जोडलेला भाग ठेवून बाकीचे बिंदू वगळण्याची सोय आहे आणि उतावळे नवशिके चित्र नीटस दिसावे म्हणून पहिल्याच दिवशी ती वापरतात. मी सुटे बिंदू शेवटपर्यंत ठेवायला लावते, आणि सभांची उपस्थिती, संयुक्त निवेदनांवरील सह्या, एकत्र दाखल केलेल्या याचिका असे ट्विटरबाहेरचे दुवे हाताने नोंदवायला सांगते. काम कंटाळवाणे आहे, हे मला मान्य आहे.

काळाकडे होणारे दुर्लक्ष ही तिसरी चूक. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने वृक्षतोडीविरोधातील याचिका फेटाळल्या, त्याच रात्री झाडे तोडायला सुरुवात झाली आणि ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने पुढील तोड थांबवली. या मोजक्या दिवसांत एरवी गप्प असलेले कितीतरी लोक रस्त्यावर आले. वर्षभराच्या ट्वीटचा एकच नकाशा काढला तर ही हालचाल त्यात पुसली जाते. म्हणून घटनेच्या आधीचा, घटनेच्या दिवसांतला आणि नंतरचा असे किमान तीन वेगळे नकाशे काढावेत.

जास्त दुवे म्हणजे जास्त प्रभाव, हे समीकरणही सोडून द्यावे: सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली ती कायद्याच्या एका विद्यार्थ्याच्या पत्राची, आणि असे पत्र दुव्यांच्या मोजणीत कुठेच येत नाही. रीट्वीट म्हणजे पाठिंबा नव्हे, पुष्कळदा टिंगल असते.

संगणकाने रंगवून दिलेल्या गटांना थेट जनसमूह म्हणण्याची घाई मात्र सर्रास दिसते. आपसांत दाट जोडलेल्या बिंदूंचे गट पाडणारी लूव्हाँसारखी पद्धत निव्वळ यदृच्छेने जोडलेल्या जाळ्यातही गट शोधून देते आणि पुन्हा चालवल्यावर काही बिंदू वेगळ्याच गटात जाऊ शकतात. त्यामुळे ती अनेकदा चालवून टिकणारे गटच विचारात घ्यावेत आणि प्रत्येक गटातील मजकूर प्रत्यक्ष वाचल्यावरच त्याला नाव द्यावे. प्रबंधात ‘गट ४’ एवढेच लिहिलेले मला चालते. न वाचता लिहिलेले ‘जागरूक नागरिक’ चालत नाही.