मेक्सिकोची पत्रकारिता अभ्यासायची असेल तर

या विषयाकडे वळणारी बहुतेक मुलं थेट १५३९ पासून सुरुवात करतात: अमेरिका खंडातला पहिला छापखाना मेक्सिको सिटीत, मग १७२२ चं 'गासेता दे मेहिको', १८०५ चं पहिलं दैनिक. वाचा, पण लवकर उरका. मला या विषयाची खरी चावी सापडली ती कागदात.

१९३५ मध्ये सरकारने 'पिप्सा' ही कंपनी काढली. वर्तमानपत्रांना स्वस्त कागद मिळावा, हा हेतू. पण कागदाचा पुरवठा सरकारच्या हाती, उधारीही तिथेच. मग संपादकाला तुरुंगात कशाला टाकायचं? थकलेल्या बिलाची आठवण पुरते. जोडीला सरकारी जाहिराती आणि बातमीदारांना मिळणारी लाचेची पाकिटं. म्हणून कुठलाही काळ अभ्यासताना आधी पेपरचा खर्च कोण भागवतंय ते बघा.

मग १९७६ वर मुक्काम करा. 'एक्सेल्सिओर' हे दैनिक सहकारी संस्थेचं होतं. ८ जुलैच्या सभेत संपादक हुलिओ शेरेर यांना बाहेर काढलं गेलं. यामागे राष्ट्राध्यक्ष एचेव्हेरिया होते, असं सर्रास मानलं जातं. साखर कारखान्यांच्या सर्वसाधारण सभा पाहिलेल्या मराठी माणसाला हे प्रकरण चटकन कळतं! नोव्हेंबरात शेरेर यांनी 'प्रोसेसो' साप्ताहिक काढलं. १९८२ मध्ये राष्ट्राध्यक्ष लोपेस पोर्तियो यांनी, आपल्यालाच झोडपणाऱ्यांना पैसे का द्यायचे म्हणत, 'प्रोसेसो'च्या सरकारी जाहिराती रोखल्याचं समर्थन केलं. तेही वृत्तपत्र स्वातंत्र्य दिनाच्या समारंभात.

बातमी वाचण्याइतकी स्पॅनिश मात्र हवीच. इंग्रजीवर भागवलंत तर राजधानीबाहेरचं फारसं हाती लागत नाही. जुने अंक राष्ट्रीय विद्यापीठाच्या डिजिटल वृत्तपत्र संग्रहात मिळतात. आजच्यासाठी 'ला होर्नादा' आणि 'रेफोर्मा' ही दैनिकं शेजारी ठेवून वाचा, एकाच दिवसाचे.

प्रबंधाचा विषय शक्यतो राजधानीबाहेरचा निवडा. तिहुआनाचं 'सेता' हे साप्ताहिक सरकारी दडपण टाळायला सीमेपलीकडे कॅलिफोर्नियात छापलं जाई. कुलियाकानच्या 'रिओदोसे' साप्ताहिकाचे सहसंस्थापक हाविएर वाल्देस यांची २०१७ मध्ये भररस्त्यात हत्या झाली. त्याच वर्षी मार्चमध्ये चिवावाच्या पत्रकार मिरोस्लावा ब्रीच मारल्या गेल्या आणि एप्रिलमध्ये हुआरेस शहरातल्या 'नोर्ते' दैनिकाने छापील अंक बंद केला. 'नोर्ते'चं वाचकांना लिहिलेलं निरोपाचं पत्र अवश्य मिळवा. पत्रकारांच्या जिवाला असलेला धोका त्यात आहेच, आणि सरकारांनी थकवलेली देणीही आहेत.