मथळा लिहिताना या चुका टाळा : 'गडगडला' म्हणजे नेमका किती?

वृत्तपत्राच्या डेस्कवरच्या सुरुवातीच्या दिवसांत मी 'गोदाकाठी हाहाकार' असा मथळा दिला होता. पाणी रामकुंडाच्या पायऱ्यांवर आलं होतं आणि टपरीवाले आपल्या टपऱ्या मागे ओढत होते, एवढंच. सकाळी पंचवटीत घरोघरी बाहेरगावहून नातेवाइकांचे फोन सुरू झाले. त्या शब्दाची लाज मला आजही वाटते.

नाशिककर पूर गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून मोजतो : गुडघे, कंबर, छाती. मग 'महापूर' कशाला? 'दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत पाणी' यात खरं मापही आहे आणि चित्रही. 'हजारो क्युसेक' हीसुद्धा टाळण्याची गोष्ट. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर, तेव्हा आकडा मिळाला की तो जसाच्या तसा द्या. आणि कुठला, तेही लिहा. गंगापूर धरणातून सोडलेलं पाणी वेगळं, होळकर पुलाखालून वाहणारं वेगळं, नांदूरमधमेश्वरहून जायकवाडीकडे जाणारं तर आणखी वेगळं. सगळ्यात मोठा आकडा उचलून तो शहराच्या नावावर खपवू नका.

कांद्याच्या बातमीत तर फार सांभाळावं लागतं. लासलगाव बाजार समितीच्या भावात रोज तीन आकडे येतात : किमान, कमाल, सरासरी. समजा सरासरी क्विंटलला १,८०० रुपये होती, ती १,७०० झाली. घट साधारण साडेपाच टक्के. याला 'घसरला' म्हणा, 'गडगडला' नाही. याहून वाईट खोड म्हणजे कालचा कमाल भाव आजच्या किमान भावाशेजारी ठेवणं. किमान भावात बहुतेक गोल्टी (बारीक कांदा) किंवा डागी माल गेलेला असतो. चांगल्या कांद्याचा तो भाव नव्हे. सरासरीची तुलना सरासरीशीच करा. निफाड-येवल्यात हाच मथळा मोबाइलवर फिरतो आणि चाळीत साठवलेला कांदा आज विकायला काढायचा की थांबायचं, हे माणसं त्यावरून ठरवतात.

गुन्ह्याच्या बातमीत 'कबुली दिली' आणि 'सांगितले' यांची अदलाबदल नको. 'कबुली' शब्द माणसाला आधीच दोषी ठरवून मोकळा होतो. पोलिसांनी 'संशयित' म्हटलं असेल तर मथळ्यातही 'संशयित'च राहू द्या.

पान सोडण्यापूर्वी मी आता क्रियापद काढून तिथे आकडा घालून पाहतो. 'कांदा गडगडला'चं होतं 'कांदा सरासरी क्विंटलला १०० रुपयांनी स्वस्त'. जागा थोडी जास्त लागते, तेव्हा टाइप एक पॉइंटने कमी करतो.