माथेरानला हळू कसं चालायचं

मी शाळेत पीटीची बाई होते. आयुष्यभर शिट्टी फुंकून मुलांना पळवलं आणि आता साठीच्या मैत्रिणींना हळू चालायला शिकवते. हे जास्त अवघड आहे.

जागा माथेरानच घ्या. मोटारी दस्तुरी नाक्यावरच थांबतात, त्यामुळे पाठीमागून हॉर्न नाही. नेरळहून गर्दी वर यायच्या आत शार्लोट लेकची वाट धरा. बाजारपेठेत रेंगाळू नका; चपला नि चिक्की परतताना. पुढे अंजन-जांभळाची सावली लागते.

वेग म्हणाल तर किलोमीटरला निदान अर्धा तास. पावलं मोजणारं घड्याळ पिशवीत. पाऊल नीट टेकलं की मगच त्यावर भार द्या, कारण जांभ्याचे बारीक खडे पायाखालून सटकतात. पावसाळ्यात तर शेवाळही असतं. मधूनमधून थांबायचं. पण नुसतं ‘थांबा’ म्हटलं की बायका फोन काढतात, म्हणून मी काम देते: तीन वेगवेगळे आवाज सांगा. पावसाळ्यात शीळकरी कस्तूर हा पक्षी वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखा बेफिकीर शीळ घालतो. तो एक झाला, उरलेले दोन शोधा!

जपानच्या वनखात्याने १९८२ मध्ये ‘शिनरिन-योकू’ म्हणजे ‘वनस्नान’ या नावाने अशा फिरण्याचा प्रसार सुरू केला. पुढे तिथल्या २४ जंगलांत तपासण्या झाल्या. शहराच्या तुलनेत जंगलात लोकांची नाडी संथ होती, रक्तदाब कमी होता, ताणाचं संप्रेरक कॉर्टिसॉलही कमी होतं. झाडांच्या गंधद्रव्यांनी प्रतिकारशक्ती वाढते असंही सांगतात, पण ते प्रयोग तिकडच्या जंगलांतले. आपल्या जांभळाच्या नावावर मी ते खपवणार नाही. बीपीची गोळी चालूच ठेवायची. आणि हृदयाला लागणारं भरभर चालणं घराजवळ वेगळं करायचं, हे हळू चालणं त्याची भरपाई नव्हे.

डायबेटिस असेल तर अनवाणी चालायची हौस नको, खिशात साखरेची पुडी हवी. खाऊ मात्र हातात धरू नका. माकडं तुमच्यापेक्षा चपळ आहेत. घोडा आला तर दरीकडे न सरकता डोंगराच्या अंगाला उभ्या राहा.

तळ्याकाठच्या पिसरनाथाच्या देवळापाशी निवांत बसा, मग उलट फिरा. चिक्की घेतलीत तरी नेरळला उतरेपर्यंत फोडू नका, घाटाची वळणं पोट ढवळून काढतात.