ड्रिबल करताना खालची नजर अडवणारा चष्मा: बनवणं, बसवणं, वापरणं

बास्केटबॉलमध्ये ड्रिबल, म्हणजे चेंडू एका हाताने जमिनीवर आपटत खेळवणं, नव्याने शिकणाऱ्या मुलाला चेंडूकडे बघावंच लागतं, त्यात गैर काही नाही. अडचण पुढे येते. चेंडू हाताला बसलेला असतो, तरी डोळे सवयीने खाली जातात आणि तेवढ्यात मोकळा सहकारी झाकला जातो, बचावपटू एक पाऊल पुढे येतो. ही सवय मोडायला खालची नजर अडवणारा चष्मा उपयोगी पडतो. पण एक गोष्ट आधीच स्पष्ट असू द्या. चष्मा नजर वर उचलत नाही, तो फक्त खाली बघण्यातला फायदा काढून घेतो. नजर वर टिकते ती समोर बघण्यासारखं काही काम असेल तरच. बहुतेक ठिकाणी चष्मा विकत आणला जातो, मुलं तो घालून भिंतीकडे बघत चेंडू आपटतात आणि महिनाभराने तो किटच्या तळाशी जातो. कारण हेच.

बाजारात मिळणारे साधे चष्मे म्हणजे बिनभिंगाची प्लास्टिकची चौकट आणि तिच्या खालच्या कडेला पुढे आलेली आडवी पट्टी. ते चालतात, पण पट्टी एकाच जागी पक्की असते. बारा वर्षांच्या मुलीच्या आणि अठरा वर्षांच्या मुलाच्या चेहऱ्यावर तीच पट्टी वेगवेगळी नजर अडवते. म्हणून वरखाली सरकणारी पट्टी हवी, आणि ती घरी बनवणं अवघड नाही.

किती अडवायचं

सरळ समोर बघताना माणसाला खालच्या बाजूला साधारण ७० अंशांपर्यंतचं जाणवतं. ड्रिबलच्या बैठ्या पवित्र्यात डोळे जमिनीपासून १.४ मीटरवर आहेत आणि चेंडू शरीरापुढे ४५ सेंटिमीटरवर, ६० सेंटिमीटर उंचीवर आहे असं धरा. तो चेंडू नजरेच्या रेषेखाली सुमारे ६० अंशांवर येतो. म्हणजे ३५ अंशांखालचं सगळं झाकलं तरी चेंडू पुरता दिसेनासा होतो. त्याहून जास्त झाकण्याची किंमत जमिनीच्या रूपाने मोजावी लागते. ३५ अंशांखालचं झाकलं तर २ मीटरच्या आतली जमीन दिसत नाही, २५ अंशांखालचं झाकलं तर ३ मीटरच्या आतली, आणि १५ अंशांखालचं झाकलं तर थेट ५ मीटरच्या आतली. इतकी जमीन दिसत नसेल तर घरंगळत आलेला दुसऱ्याचा चेंडू पायाखाली येईपर्यंत कळणार नाही.

आमचा सल्ला असा: सुरुवात ३५ अंशांवर, सराव बसला की बहुतेक काम २५ वर, आणि १५ फक्त जागेवर उभं राहून करायच्या ड्रिलसाठी (ड्रिल म्हणजे पुन्हा पुन्हा करायचा सरावाचा प्रकार). चालताना किंवा पळताना १५ अंश नकोच.

सामान आणि जोडणी

हार्डवेअरच्या दुकानात ग्राइंडिंगसाठी मिळणारा पारदर्शक पॉलिकार्बोनेटचा सेफ्टी गॉगल घ्या. भिंग अखंड, एकसंध हवं आणि काड्यांची लांबी कमीजास्त करता येणारी असेल तर उत्तम. काचेचं भिंग असलेला कुठलाही जुना चष्मा यासाठी वापरू नका. चेंडू किंवा कोपर तोंडावर बसण्याची शक्यता नेहमीच असते. नंबरचा चष्मा लागणाऱ्यांनी चष्म्यावरून घालता येईल असा मोठा सेफ्टी गॉगल घ्यावा. तोही घेताना आतला चष्मा सहज न फुटणाऱ्या प्लास्टिक भिंगांचा आहे याची खात्री करावी.

याशिवाय लागेल: ३ मिमी जाडीची काळी ईव्हीए फोम शीट (हस्तकलेच्या सामानाच्या दुकानात मिळते), २ सेंटिमीटर रुंदीची चिकट वेल्क्रो, दार-खिडकीच्या फटीला लावतात ती चिकट फोम टेप, डोक्यामागून घ्यायची इलॅस्टिकची पट्टी, बारीक टोकाचा मार्कर. पट्टीसाठी पुठ्ठा नको, घामाने तो पहिल्याच दिवशी मऊ पडतो. फाइलच्या कव्हरचं प्लास्टिकही नको, त्याची कड गालाला कापते.

फोम शीटची १६ सेंटिमीटर लांब आणि ४ सेंटिमीटर उंच पट्टी कापा. खालच्या कडेच्या मध्यावर नाकासाठी साधारण ३.५ सेंटिमीटर रुंद अर्धगोल खाच घ्या. खाच आधी लहान कापा आणि घालून बघत वाढवा. मोठी झाली तर नाकाच्या दोन्ही बाजूंनी खाली डोकावता येतं. वेल्क्रोचे ४ सेंटिमीटरचे दोन तुकडे भिंगाच्या बाहेरच्या अंगाला, दोन्ही टोकांना उभे चिकटवा. त्यांची जोडी पट्टीच्या मागे. चिकटवण्याआधी भिंगाची ती जागा साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडी करा; दुकानातल्या नव्या गॉगलवर तेलकट थर असतो आणि वेल्क्रो दुसऱ्या दिवशी सुटते.

आता खरी फट. भिंगाची खालची कड आणि गाल यांच्यामध्ये एक-दीड सेंटिमीटरची जागा राहते आणि हुशार मूल पहिल्या मिनिटात ती शोधून काढतं. भिंगाच्या खालच्या कडेला आतून फोम टेप लावून ती बंद करा. वरची बाजू आणि कानशिलाकडची बाजू मात्र मोकळी ठेवा. सगळीकडून बंद केलेला गॉगल दोन मिनिटांत वाफेने पांढरा होतो, पावसाळ्यात मुंबई-कोकणात तर त्याहून लवकर. भिंगाच्या आतल्या बाजूला भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब बोटाने पसरून, सुकल्यावर मऊ कापडाने पुसून घेतला तर वाफ कमी धरते.

खुणा आणि भिंतीवरची तपासणी

गॉगल घातलेल्याने सरळ समोर बघावं. दुसऱ्याने त्याच्याच उंचीवर समोर उभं राहून प्रत्येक बाहुलीच्या बरोबर समोर भिंगावर एकेक ठिपका द्यावा. ठिपक्यांखाली १४, ९ आणि ५ मिमीवर आडव्या रेघा मारा. भिंग डोळ्यापासून २ सेंटिमीटर पुढे असेल तर पट्टीची वरची कड या रेघांवर आणल्यावर अनुक्रमे साधारण ३५, २५ आणि १५ अंशांखालचं झाकलं जातं. इथे एका मिलिमीटरने दोन-अडीच अंशांचा फरक पडतो, म्हणून पट्टी अंदाजाने लावू नका.

आणि तरीही रेघांवर विसंबू नका, कारण भिंगाचं अंतर प्रत्येकाच्या चेहऱ्यावर वेगळं. भिंतीपासून दीड मीटरवर उभं राहा. डोळ्यांच्या उंचीवर भिंतीला चिकटपट्टीचा तुकडा लावा आणि नजर त्याच्यावर ठेवा. मदतनीस भिंतीवरून बोट खाली सरकवत नेतो. बोट ३५ अंशांसाठी तुकड्याच्या खाली १०५ सेंटिमीटरवर, २५ साठी ७० वर आणि १५ साठी ४० वर दिसेनासं व्हायला हवं. कड धूसर दिसेल, कारण पट्टी डोळ्याच्या इतकी जवळ असते की तिच्यावर नजर स्थिर होत नाही. तो धूसर पट्टा जिथे पुरता काळा होतो, तिथलं माप घ्या.

ही तपासणी एक डोळा झाकून, मग दुसरा झाकून करा. पट्टी एका बाजूला दोन मिलिमीटर खाली असेल तर खेळाडू नकळत त्या डोळ्याने काम भागवतो आणि मान त्या बाजूला वळलेली राहते. आणखी एक: डोळे खाली वळवले की बाहुलीही खाली सरकते, त्यामुळे सरळ बघताना जेवढं जाणवतं त्यापेक्षा रोखून खाली बघताना कमीच दिसतं. हे खेळाडूला एकदा करून दाखवा. खाली डोकावणं तोट्याचं आहे हे त्याला स्वतःला कळलं की निम्मं काम होतं.

शेवटी इलॅस्टिक. गॉगल नाकावरून ३ मिमी जरी घसरला तरी सगळं माप बदलतं. इलॅस्टिक डोक्यामागे बसल्यावर दहा उड्या मारायला लावा आणि पुन्हा तपासा.

सराव

आधी चेंडूची हवा बघा. खांद्याच्या उंचीवरून सोडलेला चेंडू कमरेपर्यंत किंवा जरा वर यायला हवा. बघणं बंद झालं की खेळाडू स्पर्शावर आणि ठोक्याच्या आवाजावर चालतो. मऊ चेंडू दोन्ही बाबतींत फसवतो. मापही वयाप्रमाणे: लहान मुलांना ५ नंबर, मुलींना आणि महिलांना ६, मोठ्या मुलांना आणि पुरुषांना ७. जे मूल उघड्या डोळ्यांनी प्रत्येक हाताने सलग वीस ड्रिबल करू शकत नाही, त्याला चष्मा घालायची घाई करू नका.

पहिलं ड्रिल जागेवरचं. मदतनीस ४ ते ५ मीटरवर उभा राहतो आणि दर दोन सेकंदांनी हाताची वेगवेगळी बोटं दाखवतो: कधी छातीशी, कधी डोक्यावर, कधी बाजूला लांब. खेळाडू गुडघे वाकवून ड्रिबल करत आकडा मोठ्याने म्हणतो. उजवा हात ३० सेकंद, डावा ३० सेकंद, क्रॉसओव्हर (एका हातातून दुसऱ्या हातात ड्रिबल) ३० सेकंद, मग ३० सेकंद विश्रांती. दहापैकी आठ आकडे बरोबर आले आणि चेंडू सुटला नाही तर पट्टी एक रेघ वर न्या. आकडे चुकतात पण चेंडू सुटत नाही, याचा अर्थ लक्ष अजून हातातच आहे. चेंडू सुटतो पण आकडे बरोबर येतात, तर हात कच्चा आहे. चष्मा काढून आधी हात पक्का करा.

दुसरं चालत. इथे एक चूक हमखास होते: जमिनीवर खुणेचे कोन (प्लास्टिकचे शंकू) मांडले जातात. २५ अंशांच्या पट्टीतून ३ मीटरच्या आतला छोटा शंकू दिसत नाही, आणि खुणेची चपटी डिस्क तर पायाखाली येऊन घसरते. शंकूंच्या जागी माणसं उभी करा, तीन-तीन मीटरवर. प्रत्येक जण खेळाडू जवळ आल्यावर उजवा किंवा डावा हात वर करतो, खेळाडूने त्या बाजूने दिशा बदलून पुढे जायचं. हात उशिरा वर करायला सांगा; आधीच उचललेला हात एकदा बघून खेळाडू पुन्हा मान खाली घालतो.

तिसरं पासचं. दोन सहकारी समोर, ६ मीटरवर, एकमेकांपासून लांब. मदतनीस त्यांच्यामागून एकाला इशारा करतो, तो तळहात उघडतो, खेळाडू ड्रिबलमधूनच त्याला पास देतो. परतीचा पास मात्र चष्म्यातून झेलू नका. खाली येणारा किंवा टप्पा पडून येणारा चेंडू शेवटच्या अर्ध्या मीटरमध्ये गायब होतो आणि बोटं मुडपतात. सहकाऱ्याने दुसरा चेंडू हातात आणून द्यावा.

एका सत्रात चष्म्याचं काम एकूण ८ ते १० मिनिटं पुरे, दोन-दोन मिनिटांच्या तुकड्यांत. प्रत्येक तुकड्यानंतर चष्मा काढून तेच ड्रिल तितकाच वेळ पुन्हा. हा भाग अनेक जण गाळतात आणि तोच गाळायचा नाही. झाकलेल्या नजरेने शिकलेलं झाकलेल्या नजरेतच जास्त टिकतं. सामन्यात खालचं सगळं परत दिसायला लागतं, तेव्हाही मान वर राहायला हवी. ती उघड्या डोळ्यांनीच पक्की होते.

काय बिघडतं

हनुवटी खाली. पट्टी डोक्याला बांधलेली असते, त्यामुळे मान २० अंश झुकवली की २५ अंशांची पट्टी ४५ अंशांखालचंच झाकते. एकाने बाजूने उभं राहून फक्त गॉगलच्या काडीकडे बघायचं: ती जमिनीला समांतर असायला हवी. झुकली की थांबवायचं.

याच्या उलटही होतं. काही जण मान वर ठेवायच्या नादात पाठ मागे टाकतात, गुडघे सरळ करतात. मग चेंडू कमरेच्या वर उसळतो आणि सामन्यात पहिलाच बचावपटू तो काढून घेतो. चेंडू गुडघा ते कंबर एवढ्यातच राहिला पाहिजे. दिसत नसलेल्या चेंडूला तळहाताने थापटणं हीसुद्धा भीतीतून येणारी सवय आहे. बोटांच्या पेरांनी ढकलायला लावा, वेग निम्मा करा.

गॉगल वाफाळला तर ड्रिल तिथेच बंद. धुरकट भिंगातून समोरचंही दिसत नाही, मग उरतो तो फक्त धोका.

प्रत्यक्ष सामना, रिबाउंड (हुकलेल्या फेकीचा चेंडू पकडणं), गर्दीतला ले-अप (बास्केटजवळ धावत जाऊन उडी मारून केलेली फेक), जिथे दोन शरीरं एकमेकांवर येतात तिथे हा चष्मा नको. तडा गेलेल्या किंवा रेती पसरलेल्या सिमेंटच्या कोर्टवर चालतं ड्रिल नको. एकाच डोळ्याने नीट दिसणाऱ्यांनी किंवा डोळ्याची शस्त्रक्रिया नुकतीच झालेल्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो घालू नये.

बाजूच्या पट्ट्या आणि लुकलुकते चष्मे

फुटबॉल आणि हॉकीत वेगळी गरज असते: चेंडू येण्याआधी खांद्यावरून मागे बघण्याची. त्यासाठी हाच गॉगल चालतो, फक्त खालची पट्टी काढून काड्यांच्या आतून ४ सेंटिमीटरचे उभे फोमचे तुकडे लावा. बाजूचं आपोआप दिसणं बंद झालं की मान वळवावीच लागते. मागे उभ्या मदतनिसाने रंगीत बिब (कपड्यांवरून घालायचं बिनबाह्यांचं जाकीट) वर करायचा, खेळाडूने पास घेण्याआधी रंग सांगायचा. हॉकीचा चेंडू कडक असतो, म्हणून इथे टेनिसचा चेंडू घ्या आणि तो जमिनीवरूनच द्या. क्रिकेटच्या सीझन बॉलसमोर कुठलाही नजर अडवणारा चष्मा घालून उभं राहू नये.

दुसरा प्रकार इलेक्ट्रॉनिक. लिक्विड क्रिस्टलची भिंगं ठरावीक लयीत स्वच्छ आणि अंधूक होत राहतात. नायकीच्या जुन्या व्हेपर स्ट्रोबमध्ये आठ पातळ्या होत्या: भिंग दर वेळी ०.१ सेकंद स्वच्छ राही आणि अंधूक राहण्याचा काळ ०.०६७ सेकंदापासून ०.९ सेकंदापर्यंत वाढत जाई. तो बनवणं बंद झालं. आज सेनॅप्टेकसारख्या कंपन्यांचे त्याच तत्त्वावरचे चष्मे मिळतात. त्यांचा उपयोग झेलण्यासाठी, येणाऱ्या चेंडूचा अंदाज बांधण्यासाठी. मान वर ठेवायच्या सवयीसाठी ते घेऊ नका. चेंडू त्यांतून अधूनमधून दिसतच राहतो. आणि ज्याला फिट येते किंवा घरात कोणाला येत असे, त्याच्या डोळ्यांवर लुकलुकणारा चष्मा कधीच चढवू नये. चक्कर किंवा मळमळ जाणवली तर त्या दिवसापुरता तो प्रकार बंद.

वापरानंतर पट्टी सोडून साबणाच्या पाण्याने धुवा, सावलीत वाळवा. गाडीच्या काचेमागे उन्हात ठेवली तर ईव्हीए वाकडी होते आणि वरची कड सरळ राहत नाही. वेल्क्रोची पकड सैल वाटली की ती लगेच बदला, आणि बदलल्यावर भिंतीवरची तपासणी पुन्हा करा.